सहलीवरचा निबंध

प्राथमिक शाळेतल्या मुलाचे वर्गात लक्ष का लागत नाही, हा प्रश्न आपल्याकडे शिक्षणशास्त्राचा मानला जातो. अध्यापक विद्यालयात तो मानसशास्त्राच्या तासाला शिकवतात आणि प्रशिक्षण शिबिरात गाणी, टाळ्या, खेळ यांनी सोडवून दाखवतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळांतून ३१ वर्षे शिकवले, त्यातली बहुतेक वर्षे तिसरी-चौथीला. हा प्रश्न साहित्यसमीक्षेचाही आहे, असे आता माझे मत झाले आहे. ते या त्रैमासिकाच्या वाचकांपुढेच मांडावे असे वाटले, कारण त्यात चूक जशी माझी आहे तशी ती आपल्या समीक्षेचीही आहे.

माझ्या घरी पुस्तकांचे दोन कप्पे आहेत. एकात शाळेतल्या प्रयोगांची पुस्तके आहेत. गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न', ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे लेखन, सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नरचे 'टीचर', तेत्सुको कुरोयानागीचे 'तोत्तोचान'. दुसऱ्यात 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी', 'आयदान' आणि त्यांची भावंडे. या दोन्ही कप्प्यांतल्या पुस्तकांत वर्गखोली येते, मास्तर येतो, फळा येतो, घंटा येते. खोली एकच, पण ही पुस्तके एकमेकांना ओळखत नाहीत. पहिल्या कप्प्यात बोलतो तो बहुधा प्रेमळ शिक्षक, नाही तर त्याचा लाडका विद्यार्थी. दुसऱ्या कप्प्यात बोलतो तो दाराजवळ बसवलेला पोर. शिक्षक मंडळी पहिला कप्पा वाचतात, कार्यकर्ते दुसरा. मी दोन्ही वाचत आलो आणि तरीही बरीच वर्षे दोघांची गाठ घालून दिली नाही.

'दिवास्वप्न' हे गुजरातीतून आलेले पुस्तक. प्रयोगाची हौस असलेला एक शिक्षक अधिकाऱ्याकडून चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि सपशेल फसतो. मुले मांजराचे आवाज काढावेत तशी काढतात, हसतात. मग तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग चिडीचूप होतो. शिक्षकी पेशातल्या माणसाला हा प्रसंग वाचताना हायसे वाटते. मी स्वतः ही युक्ती शेकडो वेळा वापरली आहे आणि ती कधी वाया गेलेली नाही. गिजुभाईंचे ऋण मान्य करूनच मी विचारतो की, ती गोष्ट कुणाची होती? ती राजाची होती. राजाच्या गोष्टीत सगळी मुले सारखीच रमतात, हे खरे. पण गोष्ट संपली की जो तो आपापल्या जागी परत येतो आणि जागा तर सारख्या नसतात. गोष्टीने अर्धा तास मिळतो. उरलेल्या साडेचार तासांचे काय, याला पहिल्या कप्प्यात उत्तर अपुरे आहे. १९९० नंतर आपल्याकडे आनंददायी शिक्षणाची जी शिबिरे झाली, त्यांत तर गोष्टीचेही हावभाव झाले. आम्ही प्रौढ माणसे गोल करून बेडकासारख्या उड्या मारल्या. छडीपेक्षा उड्या केव्हाही बऱ्या. मात्र त्या शिबिरांत एकदाही कुणी विचारले नाही की, वर्गातले मूल कंटाळलेले आहे की घाबरलेले आहे. दोन्हीं अवस्थांत ते खिडकीबाहेरच बघते.

आता दुसरा कप्पा. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (१९८४) आरंभीच शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. सवर्ण मुलामुलींचा घोळका एका झाडाखाली जेवायला बसतो, महारांची पोरे दुसऱ्या झाडाखाली. तिकडे चमचमीत पदार्थ, इकडे कोरडी भाकरी. त्यांचे उरलेसुरले मग या पोरांना मिळते आणि ती त्यावर तुटून पडतात. घरी आल्यावर आई विचारते की, माझ्यासाठी का नाही आणलेस? या प्रसंगावर आपल्याकडे पुष्कळ बोलले गेले. पण त्यानंतर जे येते, त्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. दुसऱ्या दिवशी मास्तर वर्गात सांगतात, कालच्या सहलीवर निबंध लिहा. मुलाला काही सुचत नाही.

शिक्षक म्हणून मला हा निबंध भुकेच्या प्रसंगाइतकाच महत्त्वाचा वाटतो. त्या क्षणी वर्गात डोकावणाऱ्या कुठल्याही अधिकाऱ्याला काय दिसले असते? एक मंद मुलगा. लेखनात रस नाही, लक्ष नाही, प्रगती असमाधानकारक. वास्तविक त्या वर्गात सहलीचा सर्वांत मोठा अनुभव घेऊन आलेला मुलगा तोच होता. इतरांनी झाडे, पाखरे, वनभोजन असे चार ठरीव परिच्छेद लिहिले असतील. याच्याजवळ अख्ख्या गावाचा छेद होता आणि तो लिहायचा तर मास्तरांनी घातलेल्या विषयाच्या बाहेर जावे लागले असते. तो निबंध पुढे लिहिला गेला, पण वर्गात नव्हे, आत्मकथनात. मधली वर्षे शाळेच्या खात्यावर काय जमा झाले?

आपल्या समीक्षेने या प्रसंगांचे काय केले, हेही बोलायला हवे. वेदना, नकार, विद्रोह या शब्दांनी आपण ही आत्मकथने वाचायला शिकलो. त्या शब्दांची त्या काळी गरज होती, ते लढून मिळवलेले शब्द आहेत. पण शाळेचे सगळे प्रसंग आपण वेदनेच्या खात्यावर टाकले आणि पुढे गेलो. मूल कसे शिकते आणि कशाने शिकायचे थांबते, याची आधुनिक मराठीतली सर्वांत विश्वसनीय नोंद या पुस्तकांत आहे, असे आपण म्हटले नाही. म्हणून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात गिजुभाई आले आणि 'अक्करमाशी' मराठीच्या पेपरात राहिली.

या पुस्तकांच्या आधारे मला पहिली गोष्ट म्हणायची आहे ती अशी की, मागच्या मुलाला लक्ष नसते हे खोटे आहे. त्याचे लक्ष आधीच कामाला लागलेले असते. बाबासाहेबांनी आपल्या साताऱ्याच्या शाळेविषयी इंग्रजीत जी आठवण लिहून ठेवली आहे, ती आपल्या सर्वांना माहीत आहे. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसायचे, बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि ते परत घरी आणायचे, कारण शाळेचा नोकर त्याला शिवणार नाही. तहान लागली तर शिपायाने नळ सोडायचा, शिपाई नसेल तर पाणी नाही. आपण यातला अन्याय बघतो, आणि तो बघितलाच पाहिजे. पण एखाद्या शिक्षकाने हा प्रसंग दुसऱ्या अंगाने वाचावा. ज्या मुलाला सकाळपासून शिपाई आज आला आहे की नाही याची नोंद ठेवावी लागते, गोणपाट कुणाच्या पायाला लागू नये म्हणून सावध बसावे लागते, त्याचे अवधान किती मोठे आणि किती बारीक असेल! ते अवधान गणिताला मिळत नाही, कारण ते तहानेला दिलेले असते. तो मुलगा बाबासाहेब झाला म्हणून आपण ही आठवण वाचतो. जे झाले नाहीत त्यांच्या प्रगतिपुस्तकावर 'चंचल' एवढाच शेरा राहिला.

आणि हे अवधान मोकळे कशाने होते? ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) मास्तरांनी मारलेली लहान मुलगी गाल सुजवून घरी येते. आई वाटेवर टोपल्या विणत बसलेली असते. मास्तर त्या वाटेने निघाले की ती त्यांना अडवते आणि जाब विचारते. विधवा बाई, हातात बांबूच्या काड्या, समोर गावचा मास्तर. त्यानंतर त्या मुलीला आई हा भक्कम आधार वाटू लागतो आणि तिचे शाळेला जाणे सुरळीत होते. कोणतेही गाणे नाही, खेळणे नाही, तक्ता नाही. भीती गेली आणि मूल वर्गात बसू लागले. एवढ्या साध्या कार्यकारणाला आपल्या प्रशिक्षणात जागा का नाही, याचे उत्तर सोपे आहे. तिथे बदलायचे असते ते मास्तरला.

हे सगळे मी आज शहाणपणाने लिहितो आहे. २००६ साली मला ते ठाऊक होते आणि तरी ठाऊक नव्हते. त्या वर्षी मी बीड जिल्ह्यातल्या एका गावी होतो. निम्मे गाव दिवाळीनंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडावर जाते आणि पाडव्याच्या पुढेमागे परत येते. पोरेही जातात. त्या हिवाळ्यात एका साहित्य मेळाव्यात मी 'अक्करमाशी'वर बोललो होतो. सहलीच्या निबंधाचाच दाखला दिला होता, आणि माझा गळा दाटून आला होता. टाळ्याही बऱ्या पडल्या.

एप्रिलमध्ये तिसरीच्या वर्गाला मी निबंध घातला : 'आमची सहल'. शाळेची सहल जानेवारीत गेली होती. मातंग वस्तीतली एक मुलगी आठच दिवसांपूर्वी फडावरून आलेली. ती कोऱ्या पाटीकडे बघत बसली. मी दोनदा टोकले. तिसऱ्यांदा म्हणालो, "तू टोळीवर जाऊन आलीस ना? तीच तुझी सहल. लिही." वर्ग हसला. मीही हसलो असेन. मी बौद्ध, ती मातंग, हे इथे लिहिणे भाग आहे. त्या हसण्यात नुसता मास्तर नव्हता, एक पायरी वर उभा राहिलेला माणूसही होता. ही पायरी आपल्या चळवळीत आहे आणि तिच्याविषयी आपण व्यासपीठावर बोलतो त्यापेक्षा वर्गात ती जास्त दिसते.

मुलगी तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी तिची आजी आली. दारातच उभी राहिली, आत या म्हटले तरी येईना. "गुर्जी, लेकराला काय बोललाव तुमी? तुमच्यावानी शिकल्याल्यानं आसं बोलावं व्हय?" मी काहीतरी सारवासारव केली. ती ऐकून न घेता निघून गेली. त्या म्हातारीने 'आयदान' वाचलेले नव्हते. मी वाचले होते.

अ‍ॅश्टन-वॉर्नर न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवत होती. 'टीचर'मध्ये (१९६३) तिची एक पद्धत आहे. रोज सकाळी प्रत्येक मुलाला विचारायचे, तुला आज कोणता शब्द हवा? तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हाती द्यायचा. दुसऱ्या दिवशी मुलाला तो ओळखता आला नाही तर कागद फेकून द्यायचा, कारण तो शब्द त्याचा नव्हताच. मुले भुताचे, भीतीचे, मारहाणीचे, मायेचे शब्द मागत आणि ते एका नजरेत शिकत. पहिल्या कप्प्यातले हे एक पुस्तक असे आहे की, जे दुसऱ्या कप्प्याच्या शेजारी सहज ठेवता येते. जूनमध्ये तोच वर्ग चौथीला माझ्याकडे आला, तेव्हा मी हे करून पाहायचे ठरवले. खरे सांगायचे तर त्यात प्रयोगाच्या हौसेपेक्षा अपराधीपणा जास्त होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पट्ट्या कापल्या. मुलांनी आधी पुस्तकातलेच शब्द मागितले : कमळ, मोर, भारत. मास्तरला काय आवडते हे मुलांना नेमके कळते.

ती मुलगी पाच-सहा दिवस काहीच मागेना. मग एक दिवस म्हणाली, "खाडा."

मला वाटले, ती हजेरीपटाचा खाडा म्हणते. तिच्या नावापुढे चार महिन्यांचे खाडे मीच मारले होते. मी शब्द लिहून दिला आणि विचारले, म्हणजे काय? तिने जे सांगितले ते असे. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती तोडून फेडायची. एखादे दिवशी माणूस आजारी पडले, फडात गेले नाही, की मुकादम वहीत खाडा लिहितो आणि हिशेबातून पैसे जातात. आईला ताप होता तेव्हा ती कोपीत पडून राहिली आणि ही बापाबरोबर मोळ्या बांधायला गेली, खाडा पडू नये म्हणून. म्हणजे तिकडे आईचा खाडा चुकवण्यासाठी इकडे माझ्या पटावर तिचा खाडा पडत होता. दोन वह्या, दोन्ही वह्यांत तेच शब्द, आणि त्यांतली एक मी चालवत होतो.

त्या दिवशी वर्गाला गप्प बसा म्हणावे लागले नाही. टोळीवर जाणारी आणखी पोरे होती, ती बोलू लागली. वाढे कसे विकतात, पाचट अंगाला कसे कापते, टायरगाडी रात्री भरायची असते तेव्हा झोप कशी आवरायची. गावात राहणाऱ्या शेतकऱ्यांच्या मुलांनाही ऊस माहीत होता, पण दुसऱ्या टोकाकडून. त्यांनी उलटे प्रश्न विचारले. उचलीतून खाडे वजा करण्याची उदाहरणे आम्ही आठवडाभर सोडवली. वजाबाकीत हातचा घेताना दरवर्षी अडणारी मुले मुकादमाची चूक पकडू लागली. ती मुलगी दसऱ्यापर्यंत जोडाक्षरे वाचू लागली होती. 'मुकादम' तिला एका नजरेत आला, 'कमळ' मात्र बरेच दिवस अडले. का, ते मला सांगता येणार नाही.

हे सगळे गोड झाले, असे कुणी समजू नये. वर्गात एका मुकादमाचा मुलगा होता. तो दोन दिवस खाली मान घालून बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा बाप शाळेत आला. त्याचे म्हणणे होते, शाळेत पुस्तकातले शिकवा, घरादाराचे हिशेब काढू नका. मुख्याध्यापक म्हणाले, कशाला नसते झेंगट? तपासणीला आलेल्या साहेबांनी मुलांच्या वह्या चाळून शेरा लिहिला की, लेखन पाठ्यक्रमाला धरून नाही. मी दोन आठवडे शब्दांच्या पट्ट्या कपाटात ठेवून दिल्या. मुकादमाच्या मुलाचेही लक्ष उडाले होते आणि ते मी उडवले होते, हेही मला टोचत होते. एका मुलाचा अनुभव वर्गात आला की, दुसऱ्याच्या बापाचे नाव त्यात निघते. 'दिवास्वप्न'मधल्या शिक्षकापुढे ही अडचण कधी आली नाही, कारण राजाचा मुलगा त्याच्या वर्गात नव्हता.

यावर तोडगा म्हणून सरकारने काही केले नाही असे नाही. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे आली, शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई आणि अनुताईंनी ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी भागात, गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात म्हणून शाळाच कुरणात नेली होती. जोतीरावांनी तर १८८२ साली हंटर आयोगापुढे सांगितले की, खालच्या जातींच्या मुलांना शिक्षणाची गोडी लागावी म्हणून शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे द्या. पुढे मागास आणि गरीब घरच्या मुलींना रोज १ रुपया उपस्थिती भत्ता मिळू लागला, तो याच विचाराचा दूरचा वारस. पण तो रुपया वाटताना आम्ही मास्तर लोक वर्गात काय म्हणत होतो? "भत्तेवाल्या मुलींनो, उभ्या राहा." जे गोडी लावण्यासाठी होते, त्याने आम्ही त्यांना पुन्हा वेगळे बसवले. योजना बहुधा बऱ्या असतात. त्या वर्गात पोहोचतात त्या मास्तरच्या तोंडून.

आता ज्या निबंधाविषयी मला शेवटी बोलायचे आहे, तो १८५५ सालचा आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो त्या वर्षी 'ज्ञानोदया'त दोन भागांत छापून आला. त्यात तिने पेशवाईतला छळ सांगितला, आम्हांला धर्म कोणता असे देवाला विचारले, आपल्या बायका उघड्यावर बाळंत होतात त्यांचे हाल लिहिले. आपण हा निबंध दलित साहित्याचा आद्य आविष्कार म्हणून गौरवतो. मला तो शाळेतल्या मुलीचा निबंध म्हणूनही वाचावासा वाटतो. जेमतेम तीन वर्षे शाळेत गेलेली मुलगी एवढे सलग, एवढे तर्काने लिहिते, तेव्हा त्या वर्गात काय चालले असेल? तिला पाखरांवर लिहायला सांगितले असते तर तिनेही कदाचित कोरी पाटी दाखवली असती. कुणीतरी तिला तिचे दुःख हा निबंधाचा विषय होऊ शकतो, असे सांगितले होते. इटलीतल्या बार्बियाना खेड्यात १९६७ साली आठ मुलांनी मिळून आपल्या बाईंना पत्र लिहिले आणि गरिबांचीच पोरे नापास का होतात याचा हिशेब मांडला, तेव्हा जगभर त्याचे पुस्तक गाजले. आपल्याकडे तशी मुलगी ११२ वर्षे आधी होऊन गेली होती, आणि आपल्या एकाही अध्यापक विद्यालयात तिचा निबंध निबंधलेखनाचा नमुना म्हणून मला कधी दाखवला गेला नाही.

मुक्ताचा निबंध एका नियतकालिकाने छापला, म्हणून तो उरला. माझ्या वर्गातली मुलगी दिवाळीनंतर टोळीबरोबर गेली, परतल्यावर चौथी कशीबशी पुरी केली, आणि पाचवी दुसऱ्या गावी होती. माझीही बदली झाली. तिच्या शब्दांच्या पट्ट्यांपैकी ९ माझ्याकडे आहेत. तिने लिहिलेले पानभर माझ्याकडे नाही, कारण वह्या वर्षअखेरीस रद्दीत गेल्या, आणि त्या मीच बांधून दिल्या.

संपादकांना माझी विनंती आहे की, प्रत्येक अंकात चार पाने प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या लेखनासाठी ठेवावीत. नाव-गाव न देता, शुद्धलेखन न सुधारता, जसे आहे तसे. वाचकांत शिक्षक पुष्कळ आहेत. त्यांनी या दिवाळीच्या सुट्टीआधी, पोरे टोळीवर जाण्यापूर्वी, आपल्या वर्गाला विषय न घालता एक निबंध लिहायला सांगावा, आणि जे पाठ्यक्रमाला धरून नसेल ते आधी पाठवावे.